आबांचा जर्मन पट्टा : एका कालनिश्चितीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून मला व्हॉट्सअॅपवर सात फोटो आले. पाठवणारा तरुण नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. तो सुट्टीवर गावी आला होता आणि परतीच्या विमानाला अठरा दिवस उरले होते. फोटोंत एक कातडी कमरपट्टा, त्याला चकचकीत बक्कल आणि तीन कप्प्यांची काळी काडतुसांची पेटी. खाली एक ओळ : "सर, हा आमच्या आजोबांनी इटलीतून आणलेला जर्मन पट्टा. ओरिजिनल आहे का, आणि कितीला जाईल?"

या वाक्यातला पहिला प्रश्न माझ्या कामाचा, दुसरा नाही. जुन्या लष्करी वस्तू, त्यातही कातडी सामान, ओळखून देण्याचं काम मी करतो. किंमत सांगत नाही. किंमत सांगणाऱ्याचे डोळे नकळत किमतीच्या बाजूने बघायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

कुटुंब लष्करी परंपरेचं. आजोबा, म्हणजे घरातले आबा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने जर्मन मशिनगनची जागा काबीज केली, तिथेच ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती हकिकत या घरात नातेवाइकाची सांगावी तशी सांगितली जाते. आबांचे वडीलही पलटणीत होते. ते 'बसऱ्याला' गेले होते, एवढंच घरात माहीत. पहिल्या महायुद्धाबद्दल बऱ्याच घरांतून इतकंच ऐकायला मिळतं.

पट्टा आणि पेटी दोन्ही एका पत्र्याच्या ट्रंकेत. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती बाहेर निघत. शस्त्रपूजेत तलवार नाही म्हणून हा पट्टा पाटावर मांडायचा, बक्कल राखेने लख्ख घासायचं, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा ट्रंकेत. हे काम थोरल्या आत्याकडे.

पहिलं उत्तर, जे चुकलं

फोटो पाहून मी दहा मिनिटांत कळवलं : "दुसरं महायुद्ध, जर्मन पायदळ. पेटी खरी वाटते. बाकी प्रत्यक्ष पाहून."

पेटीबद्दल मी बरोबर होतो. पण 'दुसरं महायुद्ध' हे मी सगळ्यांना मिळून लावून टाकलं, कारण तिन्ही वस्तू एकाच फोटोत, एकाच ट्रंकेत, एकाच गोष्टीत होत्या. बक्कलाच्या फोटोत मोबाइलचा फ्लॅश धातूवर परतून मधलं चित्र पांढरं झालं होतं. तिथे नक्की काय आहे ते मला दिसलं नव्हतं. हिटलरच्या काळातला गरुड असणार, असं मी धरून चाललो.

या एका ओळीचा परिणाम पुढे दिसला. तो संदेश मुलाने पुण्यातल्या एका व्यापाऱ्याला पाठवला आणि व्यापाऱ्याने तोच आधार धरून 'पूर्ण संच' म्हणून आकडा सांगितला.

अडचण

चार दिवसांनी मी गावी गेलो तेव्हा गुंता तीन पदरी झाला होता.

व्यापाऱ्याला संच हवा होता, पण त्याची एक अट होती. पट्ट्याचं कातडं 'बरोबर वाटत नाही', तेव्हा तो स्वतः त्या जागी 'योग्य' पट्टा बसवून घेणार आणि मग विकणार. हा योग्य पट्टा म्हणजे नवी नक्कल किंवा दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या सामानातून काढलेला तुकडा. ही पद्धत या धंद्यात सर्रास चालते आणि खऱ्या वस्तूंचा इतिहास जितका यात बुडाला तितका वाळवीनेही बुडाला नसेल.

मुलाचा बेत वेगळा होता. सगळं बॅगेत घालून जर्मनीला न्यायचं आणि तिथे विकायचं. तिथे भाव जास्त, खरं आहे. पण तिथे कायदाही आहे. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार स्वस्तिक किंवा एसएस या नाझी सशस्त्र संघटनेच्या खुणा जाहीरपणे दाखवणं आणि पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला यांना सवलत आहे. म्हणूनच तिथल्या जुन्या बाजारात अशा वस्तूंवरच्या खुणेवर चिकटपट्टी लावलेली दिसते.

आणि आपल्याकडचा कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९४४ ची वस्तू या व्याख्येत बसत नाही, १९१६ ची बसू शकते. म्हणजे 'हे कधीचं आहे' हा प्रश्न आता नुसत्या कुतूहलाचा राहिला नव्हता.

तपासणी

ओसरीवर उजेड चांगला होता. मी लोहचुंबक, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं उपकरण), भिंग, छोटी टॉर्च आणि अतिनील दिवा नेला होता. वस्तू सुट्या करून मांडल्या आणि ठरवलं की प्रत्येकीला वेगळं वय विचारायचं.

*बक्कल.* घरात हे 'चांदीचं' म्हणून ओळखलं जाई. लोहचुंबक टकदिशी चिकटला. पोलाद. वर्षानुवर्षं राखेने घासल्यामुळे त्याला तो पांढरा लखलखाट आला होता. टॉर्च आडवी धरली आणि मधलं चित्र वर आलं : मुकुट. वरच्या बाजूने कमानीत अक्षरं, 'गॉट मिट उन्स', म्हणजे 'देव आमच्या सोबत'. खाली पानांच्या डहाळ्या.

गरुड नाही. इथे माझा पहिला संदेश कोसळला.

हे वाक्य हिटलरचं, असा समज पक्का आहे. ते त्याच्या कितीतरी आधीचं, प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या सैन्याचं. १८४७ पासून प्रशियाच्या शिपायाच्या बक्कलावर ते मुकुटासह आहे. बव्हेरियाच्या शिपायाच्या बक्कलावर 'इन ट्रॉय फेस्ट', निष्ठेत अढळ. व्युर्टेमबर्गचं 'फुर्ख्टलोस उंट ट्रॉय', निर्भय आणि निष्ठावंत. सॅक्सनीचं तर चक्क लॅटिन. कैसरचं जर्मनी म्हणजे अनेक राज्यांची मोट होती आणि ती मोट शिपायाच्या पोटावर वाचता येते. १९१८ मध्ये राजेशाही गेली तसा मुकुट गेला, त्याजागी प्रजासत्ताकाचा गरुड आला. १९३६ पासून पायदळाच्या बक्कलावर स्वस्तिक धरलेला गरुड आला, पण वाक्य तेच राहिलं. हवाई दलाच्या बक्कलावर उडता गरुड आणि वाक्य नाही. म्हणून फक्त अक्षरं वाचून काळ ठरवू नये. अक्षरांच्या मध्ये काय आहे ते पाहावं.

मुकुट म्हणजे १९१८ किंवा त्याआधीचं, एवढं झालं. धातूने ते आणखी अलीकडे ओढलं. जुनी प्रशियन बक्कलं पितळी पेटीसारखी असत आणि मधली गोल टिकली वेगळी, जर्मन सिल्व्हरची, डाख देऊन बसवलेली. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं.) महायुद्धात तांब्याची टंचाई झाली आणि १९१५ पासून एकाच पोलादी पत्र्यातून ठोकलेली, करड्या-हिरव्या रंगाची बक्कलं निघाली. आमचं बक्कल त्या जातीचं. उलटं करून पाहिलं तर मुकुट मागून आरशातल्यासारखा खोलगट दिसत होता. पत्रा साच्यात दाबला की असं होतं. ओतीव नकलेत मागची बाजू सपाट किंवा खडबडीत असते आणि भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. इथे ती नव्हती. कोपऱ्याच्या आत, राख पोचली नाही तिथे, करड्या-हिरव्या रंगाचे कण शिल्लक होते.

बक्कलाला मागे एक कातडी जीभ असते, शिपायाच्या कपड्याला धातू घासू नये म्हणून. ती टिकून होती, काळी पडून आखडलेली. तिरप्या उजेडात तिच्यावर दाबलेला शिक्का उमटला. 'बी.ए.', त्यापुढे रोमन सहा, खाली १९१६.

मुलगा म्हणाला, "बी.ए. झालेला होता का तो?"

नाही. हा 'बेक्लाइडुंग्सआम्ट', म्हणजे सैन्याच्या कपडेलत्त्याचं कोठार, याचा शिक्का. रोमन आकडा कोअरचा, म्हणजे सैन्याच्या अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या तुकडीचा. सहावी कोअर ब्रेस्लाऊची, आज पोलंडमध्ये असलेलं व्रोत्स्वाफ. म्हणजे हे बक्कल त्या कोठाराच्या हिशेबात १९१६ साली नोंदलं गेलं. ते बनलं तेव्हाच असेल किंवा थोडं आधी, आणि वापरलं गेलं नंतर. शिक्क्यातलं वर्ष म्हणजे वापराचं वर्ष नव्हे, हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं.

*पेटी.* ही सगळ्यात सरळ निघाली. काळं, दाणेदार कातडं, तीन कप्पे, मागे पट्ट्यासाठी पट्ट्या आणि वर खांद्याचे पट्टे अडकवायची कडी. पहिल्या महायुद्धातल्या १९०९ च्या पेट्यासुद्धा तीन कप्प्यांच्याच असतात. फरक पोटात असतो. त्या जुन्या पेटीच्या एका कप्प्यात पाच-पाच काडतुसांच्या चार क्लिपा मावत, म्हणजे दोन पेट्या मिळून १२०. नंतरच्या लहान पेटीच्या एका कप्प्यात दोनच, मध्ये कातडी आडपडदा, दोन पेट्या मिळून ६०. आमच्या पेटीचे कप्पे लहान, आडपडदा शाबूत.

रंगाचंही एक सांगतो, कारण लोक रंगावर फार विसंबतात. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला प्रशियन सामान नैसर्गिक तपकिरी होतं आणि १९१५ च्या हुकुमाने ते काळं करायला लागले. त्यामुळे 'तपकिरी म्हणजे पहिलं, काळं म्हणजे दुसरं' हे सूत्र कामाचं नाही. काळ्याखाली तपकिरी दडलेलं असतं, आणि कधी काळा रंग साठ वर्षांनी एखाद्या नातवाने बुटाच्या पॉलिशने दिलेला असतो.

पेटीच्या पाठीवर मात्र आकड्यांची रांग दाबलेली होती : शून्य, तिरकी रेघ, चार आकडे, तिरकी रेघ, चार आकडे. हा जर्मन कारखान्यांना दिलेला राइख-क्रमांक. तो कारखान्याच्या नावाच्या जागी आला तो युद्धाच्या उत्तरार्धात, १९४३ च्या आसपास. त्याआधीच्या पेट्यांवर बहुधा कारखान्याचं नाव, गाव आणि वर्ष सरळ वाचता येतं. बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना पत्ता कशाला द्यायचा, हा त्यामागचा हिशेब. तेव्हा ही पेटी इटलीच्या लढाईशी जुळते. आबांनी ती १९४४ मध्ये उचलली असेल तर तेव्हा ती जेमतेम वर्षभराची होती.

*पट्टा.* आणि इथे मी दुसऱ्यांदा घाई केली.

जर्मन शिपायाचा पट्टा साधारण ४५ मिलिमीटर रुंद. त्याच्या एका टोकाला धातूचा आकडा, जो बक्कलात अडकतो. दुसऱ्या टोकाला, आतल्या बाजूने, एक वेगळी कातडी पट्टी शिवलेली, तिला भोकांच्या जोड्या. बक्कलाचे दोन काटे त्या जोड्यांत बसतात आणि पट्टा सैल-घट्ट होतो. त्यामुळे पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला भोकं पडत नाहीत. लांबी सेंटिमीटरमध्ये आत दाबलेली असते.

आमचा पट्टा एका टोकाला ४४, मध्ये ४२, दुसऱ्या टोकाला ४३. कारखान्यातला पट्टा असा श्वास घेत नाही. भोकं थेट आरपार, दोन रांगांत, थोडी वाकडी. आकडा पितळेचा, पत्र्यातून कापून कानसलेला. टाके हाताचे, आरीने भोक पाडून दोन्ही बाजूंनी दोरा ओढलेले. सेंटिमीटरचा आकडा नाही.

मी पट्टा नाकाशी नेला. कमावलेल्या कातड्याचा तो ओळखीचा वास. कोल्हापुरी चपलेला येतो तसा, बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा. मी बोलून गेलो, "हे इथलंच कातडं आहे. हा पट्टा जर्मन नाही, नकली आहे."

दोन चुका एका वाक्यात. पहिली तांत्रिक. हिरडा आपल्या सह्याद्रीतून युरोपातल्या टॅनऱ्यांना जहाजं भरभरून जात असे. हिरड्याने कमावलेलं कातडं युरोपातही असू शकतं, तेव्हा नाकावर विसंबून देश ठरवता येत नाही. पट्टा इथला आहे हे भोकं, टाके, आकडा आणि रुंदी यांनी सिद्ध होत होतं. वासाने काही नाही. मी निष्कर्ष बरोबर काढला, पण चुकीच्या पुराव्यावर. हे जास्त धोकादायक, कारण पुढच्या वेळी तोच पुरावा मला खड्ड्यात घालेल.

दुसरी चूक माणसांची होती. आत्या आत पोळ्या लाटत होत्या, त्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"नकली कसा? चाळीस वर्सं ह्यो पट्टा मी दसऱ्याला पुजतीया. आबा काय खोटं बोलत हुते व्हय?"

ओसरीवर कुणी काही बोलेना. मग मी तो प्रश्न विचारला जो दारातून आत शिरताच विचारायला हवा होता : "आत्या, या पट्ट्याची कधी दुरुस्ती केली होती का?"

त्या थांबल्या. "दुरुस्ती न्हाई. उंदरांनी खाल्ला हुता ना जुना. मी शाळंत जात हुते तवा. मग आबांनी आपल्या चपला शिवणाऱ्या नानांकडनं नवा करून घेतला. जुनं बक्कल त्यास्नीच लावाय दिलं. नाना म्हनले, असलं बक्कल म्या जन्मात पाह्यलं न्हाई."

म्हणजे मूळ पट्टा उंदरांच्या पोटात गेला. हा नवा १९५० च्या दशकातला, गावच्या कारागिराने, न पाहिलेल्या वस्तूचं बक्कल समोर ठेवून, अंदाजाने बेतलेला. त्याने काटे आरपार भोकांत बसवले, कारण आतल्या पट्टीची युक्ती त्याला कुणी दाखवली नव्हती. आकडा त्याने बक्कलाच्या खाचेवरून घडवला आणि तो नेमका बसतो. मला विचाराल तर ट्रंकेतली सगळ्यात कसबी वस्तू हीच.

अतिनील दिव्याखाली एक छोटी गोष्ट निघाली. पट्ट्याचे बहुतेक टाके मंद राहिले, पण आकड्याजवळचे पाच-सहा टाके निळसर पांढरे चमकले. दोऱ्याला आणि कपड्याला उजळपणा देणारी रसायनं युद्धानंतर सर्वत्र आली, ती अशी चमकतात. म्हणजे आकडा पुढे कधीतरी पुन्हा शिवला गेला. लक्षात ठेवायचं ते हे की दोरा चमकला तर तो युद्धानंतरचा, पण चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही. ही चाचणी एकाच दिशेने बोलते.

*पदक.* मी निघण्याच्या बेतात होतो तेव्हा ट्रंकेच्या तळातून पणजोबांचं एक कांस्य पदक निघालं, इंद्रधनुषी फितीचं. पहिल्या महायुद्धाचं विजय पदक. याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. जोडीचं चांदीचं पदक घरात नव्हतं. चांदीची पदकं अडीअडचणीत सोनाराकडे जात.

पलटणीचं नाव मी इथे देत नाही, घर ओळखू येईल म्हणून. पण ती पलटण आधी मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा ज्यात येतं त्या आजच्या इराकात होती, आणि १९१८ च्या सुरुवातीला तिथून पॅलेस्टाईनला हलवलेल्या दोन हिंदी डिव्हिजनांपैकी एकीत होती. तेव्हा 'बसरा' खरं, पण अर्धंच. मेसोपोटेमियात समोर तुर्क होते. पॅलेस्टाईनमध्ये तुर्कांबरोबर जर्मन आशिया कोअर होती, आणि सेनापतीही जर्मन, लिमान फॉन झांडर्स. १९ सप्टेंबर १९१८ ला मेगिद्दोची लढाई सुरू झाली आणि काही दिवसांत ती आघाडी कोसळली. १९१६ चा शिक्का असलेलं प्रशियन बक्कल एका मराठी शिपायाच्या हाती लागायला ही जागा अगदी बसते.

पण बसते म्हणजे सिद्ध होते असं नाही. इटलीत एखाद्या वयस्क जर्मन शिपायाकडे बापाचं बक्कल असू शकतं. मी अहवालात 'शक्य' हा शब्द वापरला आणि 'बहुधा'पर्यंत गेलो नाही. मुलाला ते रुचलं नाही.

समोरचे पर्याय

रात्री जेवणानंतर आम्ही बसलो. मुलगा, त्याचे वडील, आत्या आणि मी.

व्यापाऱ्याला देणं हा पहिला रस्ता. पैसे लगेच. पण तो पट्टा फेकून देणार आणि पेटी-बक्कल एका खोट्या पट्ट्यावर जोडून 'इटली १९४४, पूर्ण' म्हणून विकणार. १९१६ चं बक्कल आणि १९४३ ची पेटी एकत्र! जाणकार हसेल, पण अजाण गिऱ्हाईक फसेल, आणि त्यात आबांचं नाव गुंतलेलं असेल.

जर्मनीला नेणं. इथे एक गंमत झाली. ज्या कायद्याची धास्ती होती तो लागूच होत नव्हता, कारण बक्कलावर मुकुट होता आणि पेटीवर मला स्वस्तिक सापडलं नाही. अडसर आपल्या बाजूचा होता. बक्कल शंभरी ओलांडलेलं. परदेशी बनावटीचं कारखान्यातलं बक्कल पुरावस्तू ठरतं का, यावर वाद घालता येईल, पण तो वाद विमानतळावर कस्टमच्या टेबलापुढे घालू नये. पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला मागता येतो, पण उरलेल्या चौदा दिवसांत तो मिळेल या भरवशावर तिकीट काढलेलं नव्हतं.

बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला देणं हा वडिलांचा विचार. मला तो आवडला. आत्यांना नाही. "दसऱ्याला मग काय मांडू?"

आणि काहीही न विकता, कुठेही न देता, फक्त नीट नोंद करून ठेवणं.

माझं मत विचारलं तेव्हा मी शेवटचा पर्याय सांगितला, निदान या वर्षापुरता. भावनेपोटी नव्हे. पणजोबांच्या पलटणीची युद्ध-डायरी, म्हणजे पलटणीने लढाईच्या काळात रोज ठेवलेली नोंदवही, अजून कुणी पाहिली नव्हती. पुरावा अर्धा असताना वस्तू हातची घालवली की उरलेला पुरावा मिळूनही उपयोग नसतो.

काय केलं

बक्कल स्वच्छ करायचं नाही, हे पहिलं ठरलं. मुलाला ते 'म्युझियमसारखं' करायचं होतं. अक्षरांच्या खोबणीत दशकांचं कुंकू बसलेलं होतं आणि ते काढायला तो टूथब्रश घेऊन तयारच होता. मी त्याला भिंगातून दाखवलं : कुंकू थेट उघड्या पोलादावर बसलंय, खाली रंग नाही. म्हणजे रंग पूजा सुरू होण्याआधी किंवा पहिल्या काही घासण्यांतच गेला. हा थर या घरातल्या बक्कलाचा इतिहास आहे, ब्रेस्लाऊच्या कोठाराइतकाच. राखेने घासणं मात्र बंद. आत्यांनी ते कुरकुरत मान्य केलं.

कातड्याला खोबरेल तेल लावणंही बंद. दरवर्षी थोडं चोपडत असत. थंडीत ते गोठून पट्ट्यावर पांढरी बुरशीसारखी साय येई आणि त्याला बुरशी समजून आणखी पुसलं जाई. शिवाय पितळी आकड्याभोवती हिरवट मेणासारखा थर धरला होता. कातड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं यांचा तो संयोग. कळकलेल्या भांड्याची आठवण करून देतो, म्हणून आत्यांना लगेच पटलं. तो थर लाकडी काडीने हलकेच खरवडला आणि आकड्याखाली बिनरंगी कागदाची घडी ठेवली.

पेटी आणि पट्टा वेगवेगळ्या सुती कापडात गुंडाळले. प्लास्टिक नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत. ट्रंक जमिनीवरून उचलून फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

नोंद मी तीन स्वतंत्र कागदांवर केली. प्रत्येक वस्तूचं माप, शिक्के, फोटो, काय दिसतं आणि त्यावरून काय म्हणता येतं. पट्ट्याच्या कागदावर आत्यांचं सांगणं त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, त्यांच्या सहीसकट. 'नकली' हा शब्द कुठेही नाही. 'गावच्या कारागिराने मूळ पट्ट्याच्या जागी केलेला, १९५० च्या दशकातला, घरच्या आठवणीनुसार' असं आहे.

व्यापाऱ्याला मुलानेच फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याने आकडा वाढवला. मुलगा मिनिटभर गप्प राहिला हे मी पाहिलं.

पुन्हा असं काम आलं तर

फोटोवरून काळ सांगणार नाही. फारतर "पेटी पाहायला हवी, बक्कलाचा फ्लॅशशिवाय, तिरप्या उजेडातला फोटो पाठवा" एवढंच. माझ्या दहा मिनिटांच्या उत्तराने व्यापाऱ्याच्या हातात कागद दिला, ही जबाबदारी माझी.

एकत्र सापडलेल्या वस्तू एकाच काळाच्या मानणार नाही. ट्रंक हा पुरावा आहे, पण तो साठवणुकीचा. वापराचा नव्हे.

वस्तूला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारेन : हे कधी तुटलं, फाटलं, बदललं का? पुरुष लढाईच्या गोष्टी सांगतात. वस्तू सांभाळणाऱ्या बायकांना दुरुस्तीच्या तारखा आठवतात. आत्यांच्या एका वाक्याने माझं व्हर्नियर आणि दिवा यांच्यापेक्षा जास्त काम केलं, आणि मी ते सगळ्यात शेवटी ऐकलं.

वास घेईन, पण नोंदीत लिहिणार नाही.

एका बाबतीत मी अजून साशंक आहे. बक्कल पट्ट्यावरून सुटं करून वेगळं ठेवावं, असं संवर्धनाच्या दृष्टीने मला वाटत होतं, कारण पोलाद आणि तेलकट कातडं एकमेकांना चांगलं करत नाहीत. मी ते केलं नाही. नानांनी ते दोन एकत्र केले होते आणि त्यांना सोडवायचा निर्णय त्या ओसरीवर माझ्याने झाला नाही. मधे कागद घातला. हे बरोबर की चूक, दहा पावसाळ्यांनी कळेल.

पुढची हालचाल

मुलगा जर्मनीला रिकाम्या हातांनी गेला. तिथून त्याने लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पणजोबांच्या पलटणीच्या युद्ध-डायरीची चौकशी सुरू केली आहे. 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत या डायऱ्या आहेत. सप्टेंबर १९१८ ची पानं त्याला हवी आहेत. मी त्याला सांगितलंय की तिथे कैदी, तोफा, मशिनगन मोजलेल्या असतील, बक्कलाची नोंद मिळायची नाही. पण त्या दिवसांत पलटण कुठल्या गावाशी होती आणि समोर जर्मन होते की फक्त तुर्क, एवढं कळलं तरी माझ्या अहवालातला 'शक्य' हा शब्द बदलावा लागेल. कुठल्या बाजूला, ते पानं आल्यावर.